डिझायर घ्यायचं ठरलं, पण कुठलं मॉडेल? व्हेरियंट निवडायची माझी पद्धत

गाडी कुठली घ्यायची हे लोक आठ दिवसात ठरवतात आणि मग त्यातलं कुठलं मॉडेल यावर दोन महिने घालवतात, हे मी आमच्या घरात तीनदा बघितलंय. मागच्या वेळी दाजींचा फोन आला, "अरे डिझायर फायनल केली, आता फक्त मॉडेल तेवढं सांग कुठलं घेऊ." त्या 'फक्त'मध्ये माझे तीन रविवार गेले. पण त्यातून एक पद्धत बसली, ती इथे सगळी लिहून काढतो. उदाहरण मारुतीच्या डिझायरचंच घेतोय कारण आकडे त्याचेच तोंडपाठ झालेत, पण होंडाची अमेझ, ह्युंदाईची ऑरा, टाटाची टिगोर कुठलीही घ्या, पद्धत तीच.

आधी शोरूमला जाऊ नका

खरंच नका जाऊ. तिथे गेलं की समोर टॉप मॉडेल उभं असतं, लाल नाहीतर निळ्या रंगाचं, आत बसवतात, सनरूफ उघडून दाखवतात, आणि मग घरी आल्यावर मधलं मॉडेल भिकार वाटायला लागतं. त्याआधी घरी एका कागदावर चार गोष्टी लिहा: गाडी जास्त कोण चालवणार, मागच्या सीटवर नेहमी कोण बसणार, महिन्याला किती किलोमीटर होणार, आणि रात्रीचा किंवा घाटातला प्रवास किती.

दाजींचं उत्तर असं होतं: कराडमध्ये रोजची गाडी ताई चालवणार, तिची उंची पाच फूट. मागे दाजींच्या आई, वय सत्तरच्या पुढे, उन्हाळ्यात त्यांना गरम सहन होत नाही. महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर, त्याच्यावर नाही. आणि दर पंधरा दिवसांनी रात्री सातारा-पुणे. हे लिहिल्यावर अर्धा निर्णय झालेला असतो, फक्त तो अजून दिसत नसतो.

ब्रोशर खालून वर वाचा

कंपनीच्या साईटवरून ब्रोशर डाउनलोड करा, शेवटच्या पानावर तो बारीक अक्षरातला तक्ता असतो तेवढंच आपल्या कामाचं, बाकी सगळे फोटो टॉप मॉडेलचे असतात. तक्त्यात बेसचा कॉलम आधी पूर्ण वाचा. यात काय नाही ते सोडा, यात काय काय आधीच मिळतंय ते बघा. कारण हल्ली बेसमध्ये बरंच येतं आणि सेल्समन तेच फीचर वरच्या मॉडेलचं म्हणून सांगतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जी नवीन म्हणजे चौथ्या पिढीची डिझायर आली तिच्यात एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस अशी चार मॉडेलं. सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा), हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारं) हे बेस एलएक्सआयपासून आहे. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांसाठी ५ स्टार आणि लहान मुलांसाठी ४ स्टार मिळाले, तेही सेफ्टीचं हेच सामान धरून. म्हणजे "सेफ्टीसाठी टॉप घ्या" हे वाक्य या गाडीला लागूच होत नाही. मागचे पार्किंग सेन्सर आणि ८० च्या वर गेलं की वाजणारा तो स्पीड अलर्ट तर जुलै २०१९ पासून कायद्यानेच सगळ्या नवीन गाड्यांना आहे, त्याचं कौतुक कोणी सांगायला लागलं तर हसून सोडून द्या. इंजिनही सगळ्यात एकच, १.२ लिटर तीन सिलेंडर, ८२ पीएसच्या आसपास. टॉप मॉडेल जास्त पळतं असं काही नसतं हो, आमच्याकडे एका काकांना अजून तसं वाटतं.

मग एकेक पायरी वर चढा आणि प्रत्येक पायरीला फक्त नवीन काय आलं तेवढं वेगळ्या ओळीत लिहा. माझ्या वहीत ते साधारण असं होतं. व्हीएक्सआयला टचस्क्रीन आली, मागच्या लोकांसाठी एसीचे व्हेंट आले, ड्रायव्हर सीट वर-खाली करता येते, आरसे बटणावर हलतात, ऑटोमॅटिक गिअरचा पर्याय इथूनच सुरू होतो आणि सीएनजीही. झेडएक्सआयला एलईडी हेडलाईट, १५ इंची अलॉय (खाली १४ इंची लोखंडी), ऑटोमॅटिक एसी, पुश स्टार्ट, वायरलेस चार्जर. झेडएक्सआय प्लसला ९ इंची स्क्रीन, ३६० कॅमेरा, सनरूफ, क्रूझ कंट्रोल (पाय न दाबता ठरलेला वेग धरून ठेवणारं), एलईडी फॉग लॅम्प. अजून बारीकसारीक बरंच आहे पण निर्णय यांच्यावरच होतो. मध्येच कंपनी फीचर इकडचं तिकडे करते, म्हणून ब्रोशर ताजंच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको.

आता प्रत्येक फीचर तीनपैकी एका रकान्यात टाका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका.

पहिला रकाना, जे नंतर बाहेरून बसतच नाही किंवा बसवू नये असं. एअरबॅग, ईएसपी, मागचे एसी व्हेंट, सीटची उंची, ऑटोमॅटिक गिअर, कंपनीची सीएनजी, फॅक्टरी एलईडी हेडलाईट, क्रूझ, सनरूफ. हे गाडी घेताना घेतलं तर घेतलं, नंतर पस्तावून उपयोग नाही. सनरूफ बाहेरून कापून बसवणारे लोक आहेत, त्यांच्या दुकानाच्या बाजूनेही जाऊ नका.

दुसरा रकाना, बाहेर बसतं आणि बरं बसतं. टचस्क्रीन, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, सीट कव्हर, मॅट, मोबाईल चार्जर, टायरमधली हवा दाखवणाऱ्या त्या व्हॉल्व्हच्या टोप्या. यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज नाही, पण एक अट, कपलर टू कपलर बसलं पाहिजे, वायर कापायची नाही. मी माझ्या पहिल्या गाडीला (वेगळ्या कंपनीची होती) बेस मॉडेल घेऊन बाहेर स्टिरिओ बसवला, त्या पोराने दोन वायर सोलून टेप मारली, दीड वर्षाने पावसाळ्यात सेंट्रल लॉक आपोआप उघडझाप करायला लागलं आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने टेप बघितली आणि वॉरंटी नाही म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. वर आणि पॉवर विंडो, अलार्म, सीट कव्हर, व्हील कप असं करत करत जेवढे पैसे घातले त्यात वरचं मॉडेल आलं असतं. बेस घेऊन सजवणं हा प्रकार तेव्हापासून बंद केलाय. बेस घ्यायची तर बेससारखीच वापरायची तयारी पाहिजे.

तिसरा रकाना, जे आपण वापरणारच नाही. इथे प्रामाणिक राहायला लागतं आणि तेच जमत नाही. दाजींनी सनरूफ पहिल्या रकान्यात टाकून त्याला दोन वेळा गोल केला होता. मी विचारलं, "दाजी, एप्रिल-मेमध्ये कराडच्या उन्हात उघडणार का?" नाही. पावसात? नाही. हायवेवर? धूळ येते. मग राहिले डिसेंबर-जानेवारी, तेव्हा आईंना थंडी वाजते. ते म्हणाले, "अरे पण पोरं म्हणतात ना." ठीक आहे, पोरं म्हणतात हे पण कारण असू शकतं, पण मग ते कारण म्हणूनच लिहा, 'गरज' म्हणून नको. आणि पोरांना चालत्या गाडीत सनरूफमधून बाहेर उभं करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

फरकाला किंमत लावा

आता प्रत्येक पायरीची किंमत लिहा. मी इथे लाँचच्या वेळच्या, नोव्हेंबर २०२४ च्या एक्स-शोरूम (रोड टॅक्स, इन्शुरन्स धरायच्या आधीच्या) किमती घेतो कारण त्या गोल आहेत आणि गणित समजायला सोपं जातं: एलएक्सआय ६.७९ लाख, व्हीएक्सआय ७.७९, झेडएक्सआय ८.८९, झेडएक्सआय प्लस ९.६९. ऑटोमॅटिकला त्याच मॉडेलवर ४५ हजार जास्त, सीएनजीला ९५ हजार. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्के अधिक १ टक्का सेस वरून सरळ १८ वर आला आणि सगळ्याच किमती खाली आल्या, तेव्हा तुमच्या दिवशीचे आकडे तुम्ही घाला. (छोटी म्हणजे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. डिझायर ३९९५ मिलिमीटर आहे, डिकी अशी कापल्यासारखी का दिसते त्याचं उत्तर या पाच मिलिमीटरात आहे.)

तर एलएक्सआय ते व्हीएक्सआय १ लाख. त्या लाखात पहिल्या रकान्यातलं काय येतं? मागचे व्हेंट आणि सीटची उंची. ताई पाच फूट, आई मागे. वाद संपला, एलएक्सआय बाद. शिवाय एलएक्सआय घेतली की सोसायटीचा वॉचमन "कुणाकडे जायचंय, ओला का?" विचारतो ते वेगळं.

व्हीएक्सआय ते झेडएक्सआय १ लाख १० हजार. इथे खरी ओढाताण आहे. अलॉय, पुश स्टार्ट, चार्जर माझ्या लेखी दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातले. अलॉयचं तर उलटंच आहे, १५ इंची १८५ चा टायर बदलायला १४ इंची १६५ पेक्षा महाग पडतो, दिसायला मात्र गाडी भरलेली दिसते हे मान्य. पण एलईडी हेडलाईट पहिल्या रकान्यात, आणि ज्याला पंधरा दिवसांनी रात्री हायवेने जायचंय त्याला फरक पडतो. कोण म्हणेल हॅलोजनमध्ये बाहेरून एलईडी बल्ब टाकून घेऊ, तर नका टाकू, रिफ्लेक्टर त्या बल्बसाठी बनवलेला नसतो, उजेड फाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. ज्याची गाडी फक्त गावात, दिवसा फिरणार त्याने मात्र इथेच थांबावं, व्हीएक्सआय ही माझ्या मते या गाडीतली सगळ्यात पैसा वसूल पायरी आहे.

झेडएक्सआय ते प्लस ८० हजार. यात ३६० कॅमेरा अरुंद पार्किंगवाल्याला कामाचा, क्रूझ समृद्धीसारख्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला. दाजींना दोन्ही नाही, म्हणजे ८० हजार सनरूफचे. आणि सेल्समन ८० हजार कधी म्हणत नाही, "सर महिन्याला सोळाशेच जास्त" म्हणतो. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज धरलं तर ८० हजारांचा हप्ता खरंच १६६० च्या आसपास येतो आणि एकूण भरता जवळपास १ लाख. हप्त्यात विचार करायला लागलात की प्रत्येक पायरी स्वस्त वाटते, म्हणून वहीत पूर्ण रक्कमच लिहा.

ऑन-रोडला तोच फरक वेगळा होतो

ऑन-रोड म्हणजे टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून पडणारी किंमत. हे बरेच जण बघतच नाहीत. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, १० ते २० लाखांमध्ये १२ टक्के, आणि तो पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. लाँचला झेडएक्सआय प्लस मॅन्युअल ९.६९ ला होती, तिचा टॅक्स सुमारे १ लाख ६ हजार. तीच ऑटोमॅटिक १०.१४ ला, टॅक्स सुमारे १ लाख २१ हजार. म्हणजे ४५ हजारांचं ऑटोमॅटिक प्रत्यक्षात ६० हजारांना पडत होतं, वरून १० लाखांच्या पुढे गेलं की १ टक्का टीसीएस (डीलरने आधीच घेतलेला इन्कम टॅक्स), तो रिटर्न भरताना परत धरता येतो पण आज खिशातून जातोच. जीएसटी कमी झाल्यावर ती गाडी दहाच्या आत आली. पण नियम लक्षात ठेवा, तुमच्या आवडीचं मॉडेल दहाच्या काठावर असेल तर एक पायरी खाली उतरण्यात दिसतात त्यापेक्षा जास्त पैसे वाचतात. कंपनीच्या नावावर गाडी घेणार असाल तर टॅक्स २० टक्के, तिथे सगळंच गणित वेगळं.

सीएनजीचं उलटं होतं. टॅक्सची टक्केवारी कमी, आधी १० लाखांपर्यंत ७ होती, २०२५ च्या राज्याच्या बजेटमध्ये १ टक्का वाढवली. ८ टक्के धरले तर ९.८४ लाखांच्या झेडएक्सआय सीएनजीला सुमारे ७९ हजार टॅक्स आणि ८.८९ च्या पेट्रोलला सुमारे ९८ हजार, म्हणजे सीएनजीचे ९५ हजार जास्तीचे प्रत्यक्षात ७६ हजारच. आता समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गावात १७ चं ॲव्हरेज, सीएनजी ९० रुपये किलो आणि २४ चं ॲव्हरेज. पेट्रोलला किलोमीटरला ६ रुपये १२ पैसे, सीएनजीला ३.७५, वाचले २ रुपये ३७ पैसे. ७६ हजार भरून निघायला साधारण ३२ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार फिरणाऱ्याला ते सोळा महिन्यांत सुटतात, दाजींना आठशेच्या हिशोबाने तीन वर्षं चार महिने, आणि तोवर पंपावरच्या लाईनी, दर तीन वर्षांनी सिलेंडरची टेस्ट, आणि मुख्य म्हणजे डिकी गेलेली. डिझायरची ३८२ लिटरची डिकी, त्यात ५५ लिटरचा सिलेंडर बसला की लग्नाला जाताना बॅगा मांडीवर. सेडान डिकीसाठी घ्यायची आणि डिकीच द्यायची, मला तरी पटत नाही. ज्याला सीएनजी आणि डिकी दोन्ही हवंय त्याने टिगोर बघून यावी, तिच्यात दोन छोटे सिलेंडर खाली बसवलेत आणि जागा बरीच उरते, ऑटोमॅटिकमध्येही सीएनजी मिळते.

दुसऱ्या कंपनीशी तुलना करताना नावं विसरा

डिझायरची व्हीएक्सआय आणि अमेझची व्हीएक्स यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. डिसेंबर २०२४ च्या नवीन अमेझमध्ये व्ही, व्हीएक्स, झेडएक्स अशी तीनच मॉडेलं, आणि बेस व्हीलाच ८ इंची टचस्क्रीन, एलईडी हेडलाईट आहेत. ती लाँचला ८ लाखांना होती. तिची तुलना ६.७९ च्या एलएक्सआयशी केली तर "होंडा सव्वा लाख महाग" वाटते, पण सामान बघितलं तर ती डिझायरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मधे बसते. म्हणून सारख्या सामानाची मॉडेलं समोरासमोर ठेवा, सारख्या नंबरची नको.

अमेझचं इंजिन चार सिलेंडरचं, ९० पीएस, सिग्नलला उभी असताना थरथर कमी. डिकी ४१६ लिटर. आणि ऑटोमॅटिक म्हणजे सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्याच नसलेलं), तीही बेसपासून, जी डिझायरच्या एएमटीपेक्षा (साधा गिअरबॉक्सच, पण गिअर आपोआप बदलणारा) गावातल्या ट्रॅफिकमध्ये नक्कीच मऊ चालते, फक्त जास्तीचे पैसेही एएमटीच्या दुप्पट-अडीचपट लागतात. टॉप झेडएक्सला कॅमेऱ्यावर चालणारं एडास (पट्टे बघून लेनमध्ये ठेवणं, आपोआप ब्रेक अशी ड्रायव्हरला मदत) आहे. ते चांगलं की वाईट यापेक्षा, आपल्या रस्त्यावर पट्टे कुठे आहेत ते आधी बघा. ऑरा मधे बसते, चार सिलेंडर, ४०२ लिटर डिकी. घरी चर्चा झाली, पण कराडला सर्व्हिस कुठली जवळ यावर संपली.

टेस्ट ड्राईव्ह

टेस्टची गाडी बहुतेक टॉप असते. चालवा, पण नंतर "आम्ही घेणार ते मॉडेल यार्डात असेल तर फक्त बसून बघू द्या" असं म्हणा. कुरकुरतात, पण दाखवतात. ड्रायव्हरच्या सीटवर जी रोज चालवणार तीच बसली पाहिजे. ताईला बसवल्यावर पहिल्या मिनिटात कळलं की सीट वर घेतल्याशिवाय बॉनेट दिसत नाही. आईंना मागे बसवून पाय टेकतात का, उतरताना गुडघ्याला त्रास होतो का ते बघितलं. एएमटी घेणार असाल तर चढाला थांबून परत उचलून बघा, आणि ट्रॅफिकमध्ये हळू हळू सरकवून बघा, गिअर बदलताना जो झटका बसतो तो काहींना चालतो, काहींना डोकं उठतं. रिकाम्या बायपासवरची पाच मिनिटं काही सांगत नाहीत.

कोटेशन

लेखी घ्या, दोन डीलरकडून, आणि एकाच मॉडेलचं नाही तर तुमच्या दोन फायनल मॉडेलांचं शेजारी शेजारी. एक्स-शोरूम, टॅक्स, इन्शुरन्स, फास्टॅग वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक नावाची ओळ दिसली की ती काढायला सांगा, कशाची विचारलं की सहसा निघते. इन्शुरन्स बाहेरून घेता येतो, झिरो डेपसह (क्लेमला घसारा न कापणारा) बाहेरचं कोटेशन आधी काढून ठेवा आणि मग त्यांच्यापुढे ठेवा. ॲक्सेसरीजचं पॅकेज बळंच लावत असतील तर दुसरा रकाना काढा आणि त्यातलं काय हवंय तेवढंच द्या. एक्स्टेंडेड वॉरंटीवर लगेच सही नको, मारुतीची साधी वॉरंटीच जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर आहे, पुढचं घ्यायचं तर विचार करून.

डिस्काउंट मॉडेलप्रमाणे बदलतं हे पण विचारा. कधी कधी यार्डात पडून असलेल्या वरच्या मॉडेलवर एवढं सुटतं की पायरीचा फरक निम्मा होतो, मग वहीतलं गणित परत करायचं. पण मग गाडी कुठल्या महिन्यात बनलीये ते विचारून घ्या, पाडव्याला मागच्या वर्षाची गाडी घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनीच धरतात.

दाजींनी शेवटी झेडएक्सआय ऑटोमॅटिक बुक केली, सीट आणि व्हेंटमुळे एलएक्सआय गेली, रात्रीच्या उजेडासाठी व्हीएक्सआयही गेली, आणि सनरूफला पोरांनीच, कॅमेरावाला चांगला फोन मिळेल असं कळल्यावर, माघार घेतली. डिलिव्हरीच्या आधी पासिंग व्हायच्या अगोदर गाडी दिवसा उजेडात बघून आलो, बुकिंगच्या पावतीवर, इनव्हॉइसवर आणि इन्शुरन्सवर तिन्हीकडे मॉडेलचं नाव एकच आहे ना ते तपासलं. इन्शुरन्सवर व्हीएक्सआय छापलं होतं. तिथल्या तिथे बदलून घेतलं, नाहीतर क्लेमच्या वेळी गाडीची किंमत खालच्या मॉडेलची धरली असती.